अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वगळू नका

आज ईशज्ञानाची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मराठीत बोला, असं मला सांगण्यात आलं, कारण तुमच्यातल्या काहींची पहिली नेमणूक महाराष्ट्रात व्हायची आहे. उज्जैनला मराठी परकी नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, तेव्हापासून ती इथे नांदते आहे. मी जन्मभर मिशनच्या इस्पितळात परिचारिका होते, शेवटची बरीच वर्षं मेट्रन. तुमच्यासारखा ग्रंथांचा अभ्यास माझा नाही. पण माणूस कोसळतो त्या घडीला त्याच्या प्रार्थनेचं काय होतं, हे मी खाटेशेजारी उभं राहून पाहिलं आहे. आज तेवढ्याविषयीच बोलते.

आता लोक तुम्हाला मयताच्या घरी बोलावतील. तुम्ही आत शिराल तेव्हा रडणं क्षणभर थांबेल आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. तुम्ही तिशीचेही नसाल, आणि गेलेलं मूल सात वर्षांचं असेल. अशा वेळी जिभेवर आपसूक येतं ते म्हणजे ‘देवाची इच्छा’. कृपा करून हे बोलू नका. देवाच्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि त्या आईला ते नेमकं कळतं.

हे गाव कालिदासाचं. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात इंदुमती अचानक मरते आणि अज राजा विलाप करतो. वसिष्ठ यज्ञात गुंतलेले असतात, म्हणून स्वतः न येता एका शिष्याच्या हाती उपदेश पाठवतात. त्या उपदेशात चूक काहीच नाही. देहधाऱ्याला मरण चुकत नाही, रडून गेलेलं माणूस परत येत नाही, सगळं शास्त्राला धरून. अज तो ऐकून घेतो, मान देऊन शिष्याला निरोप देतो. आणि कालिदास सांगतो की दुःखाने भरलेल्या त्या हृदयात जागाच मिळाली नाही, म्हणून तो उपदेश जणू आल्या पावली गुरूकडे परत गेला. पुढे अज आठ वर्षं कसाबसा जगला, तेही मुलगा दशरथ लहान होता म्हणून. हा सर्ग तुम्ही प्रत्येकाने वाचा. पदवी घेऊन, गुरूचा बिनचूक निरोप घेऊन निघालेला तो शिष्य म्हणजे तुम्हीच आहात.

मग तिथे बोलायचं काय? आपल्या शास्त्रात त्याची सोय करून ठेवलेली आहे, आपणच ती वापरत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी आक्रोशाचा, तक्रारीचा आहे. त्यांतली बहुतेक शेवटाकडे येता येता सावरतात, स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र सावरत नाही. त्यातला भक्त रात्रंदिवस हाक मारतो, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, माझी जिवाभावाची माणसं तूच दूर केलीस म्हणून देवालाच दोष देतो, आणि अंधारातच ते स्तोत्र संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र बांधली त्यांना शेवटी धीराच्या दोन ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी जोडल्या नाहीत. अशी प्रार्थनाही देवापुढे म्हणायची असते, हे त्यांना कळत होतं. आपण उपासनेत तेविसावं वाचतो, एकशे एकविसावं वाचतो, आणि हे एक पान मुकाट्याने उलटतो.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस बरे होते. जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू केली, तिथे बिघडलं. शेवटी देव रागावतो तो त्या वकिलांवर. देवाला जाब विचारणारा ईयोब त्याला खरा वाटतो.

मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने त्याला शिव्या घातल्या. 1630 च्या दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी देवाला किती सुनावलं! ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. त्या पुलावरून भांडणही आपल्याकडे आलेलं आहे, तेही आपलंच आहे.

आमच्या वॉर्डात एक निवृत्त शाळामास्तर होते. मुलगा अपघातात गेला आणि महिन्याभरात तेच छातीच्या दुखण्याने दाखल झाले. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की उशीखालचं बायबल काढायचे, मांडीवर ठेवायचे, उघडायचे नाहीत. मग छताकडे बघून मोठ्याने म्हणायचे, “आजही मी तुझ्याशी बोलणार नाही.” आणि पुस्तक पुन्हा उशीखाली. शिकाऊ मुली बावरायच्या. एकीने मला विचारलं, “सिस्टर, मी यांच्यासाठी प्रार्थना करू का?” मी म्हटलं, “त्यांची चाललेय ना, ती आधी होऊ दे.” ज्याच्याशी बोलायचं नाही असं रोज त्यालाच सांगायला जावं लागतं, तो माणूस देवाला सोडून गेलेला नसतो.

आता पंडिता रमाबाईंविषयी. त्यांचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंत, पण त्यांच्या प्रार्थनेविषयी तिथे फारसं नसतं. दुष्काळाच्या दिवसांत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा रमाबाईंना चोविसावंही पुरं झालं नव्हतं आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला वाँटेजच्या मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे स्वतःचा जीव संपवला. त्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आपण इथे ‘आमेन’ म्हणून थांबतो. खरी गोष्ट पुढे सुरू होते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांवर पत्रं लिहिली. त्रैक्याची शिकवण त्यांच्या गळी उतरत नव्हती. जे शास्त्रात आपल्याला सापडत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. सिस्टरांना यात गर्व दिसला, तसं त्यांनी लिहिलं, आणि रमाबाईंनी तितकंच रोखठोक उत्तर दिलं. तरी नातं तुटलं नाही. या मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. ही पत्रं त्या आजीबाईंनीच जपून ठेवली, लावून ठेवली. म्हणून 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती छापून आली आणि आपल्याला वाचायला मिळतात. 1907 च्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त भेटायचा होता. ते उमगायला पुढे आठेक वर्षं गेली. हे सांगताना त्यांना कमीपणा वाटला नाही. तुम्हालाही वाटू नये.

आणि 1921 च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली, चाळिसाव्या वर्षी. ज्या मुलीवर केडगावच्या मुक्ती मिशनचा भार सोपवायचा होता तीच गेली. खेड्यातल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम रमाबाईंनी तरीही शेवटापर्यंत केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. छापील बायबल 1924 मध्ये आलं. दहा मुलं गमावलेला ईयोब एकुलती एक मुलगी गमावलेल्या आईच्या हातून या साध्या मराठीत आला आहे. तुम्ही ईयोब शिकवाल तेव्हा हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

इथून फार लांब नाही, देवास जिल्ह्यात उदयनगरला, सिस्टर राणी मारिया शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये बसल्या आणि नाचनबोरच्या डोंगरावर समुंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. 2002 च्या राखीपौर्णिमेला त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने समुंदर सिंगला राखी बांधली. 2017 च्या नोव्हेंबरात राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं, तेव्हा इंदूरला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली. प्रवचनात आपण हमखास राखीपाशी पोचतो. मधली सात वर्षं आपण सांगत नाही. त्या सात वर्षांत त्या घरात, त्या मठात काय काय प्रार्थना झाल्या असतील त्या देवाला ठाऊक. पण ज्याचं माणूस काल मारलं गेलं त्याच्यापुढे आजच राखीची गोष्ट ठेवणं हा जुलूम आहे. क्षमेला जितका वेळ लागेल तितका लागू द्या. तुम्ही तिची तारीख ठरवू नका.

थोमाला आपण ‘संशयी’ म्हणून सोडून देतो. भारताचा प्रेषित म्हणून ज्याचं नाव घेतो, दर 3 जुलैला ज्याचा सण करतो, त्याच्याविषयी योहान एक बारीक तपशील देतो. जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं थोमा म्हणाला, आणि त्यानंतर आठ दिवसांनी शिष्य घरात जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. आठ दिवस तो अडून राहिला, तरी कोणी त्याला बाहेर काढलं नाही, आणि तोही उठून गेला नाही. प्रभू भेटला तो त्या खोलीत. तुमचं चर्च त्या खोलीसारखं असावं, अविश्वासाचे आठ दिवस तिथे काढता यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि हे तुमच्यासाठीही आहे. एखाद्या सकाळी वेदीपुढे उभं राहताना आपण म्हणतो त्यातलं काहीच आपल्याला खरं वाटत नाही, असं तुम्हाला जाणवेल. तेव्हा आवाज चढवून विश्वासाचा आव आणू नका. जे आहे ते देवाला सांगा, मग एखाद्या वडीलधाऱ्या धर्मगुरूला किंवा सिस्टरला सांगा, आणि दुसऱ्या दिवशीही वेळेवर प्रार्थनेला या.

एक काम मात्र पहिल्या नेमणुकीपासूनच सुरू करा. ज्या घरी मयत होईल त्या घराची तारीख वहीत लिहा. मातीला सगळं गाव येतं, महिन्याच्या मिस्सेला निम्मं येतं, नंतर कोणी येत नाही. तुम्ही जा. नाताळच्या आदल्या आठवड्यात, गावभर तारे लागलेले असताना त्या दारी तारा नसेल, तेव्हा तर जाच. त्यांनी स्वतःहून विचारल्याशिवाय पुनरुत्थानावर बोलू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, लोक ते घ्यायला कचरतात. प्रार्थना करायला सांगितलं तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जसं आहे तसं वाचा, आणि जेवायला थांबा म्हणाले तर थांबा.