जामीन कोण राहणार?



कळंब हे नाव इंदापूर-बारामतीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. वालचंदनगर म्हटले की ओळख पटते. शेठ वालचंद हिराचंद यांनी या परिसरात साखर कारखाना उभारला आणि माळरानावर उद्योगनगरी वसली. कारखान्यामागून कामगार येतात. कामगारांमागून चहाची टपरी, शिलाईयंत्र आणि डबे करून देणारी बाई येते. वालचंदांच्या भांडवलाचा इतिहास लिहिला गेला. या बाईच्या भांडवलाचे काय?

कागदोपत्री अडचण उरलेली नाही. 2015 साली मुद्रा योजना आली. तिच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. पण शाखेत राहत्या जागेचा आणि व्यवसायाचा पुरावा विचारला जातो. भाड्याच्या खोलीचा करारनामा नसतो, टपरीखालची जागा स्वतःची नसते. दोन हेलपाटे झाले की दोन दिवसांचा धंदा बुडतो. बँकेचीही बाजू आहे. 10 हजारांच्या कर्जालाही मोठ्या कर्जाइतकाच खटाटोप पडतो आणि व्याज मात्र चिमूटभर सुटते. सावकार दारात येतो, कागद मागत नाही. सकाळी 900 रुपये हातावर ठेवून सायंकाळी 1000 घेतो. दिवसाला 11 टक्के!

2020 साली फेरीवाल्यांसाठी ‘स्वनिधी’ योजना आली, तीही शहरांपुरती. शिफारसपत्र नगरपालिकेने द्यायचे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतच धंदा करणाऱ्याने ते कोठून आणावे? ऑगस्ट 2025 मध्ये योजनेचा विस्तार नगरालगतच्या भागांपर्यंत टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले, पहिले कर्जही 15 हजारांचे झाले.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया वाण्याकडून उधारीवर धान्य उचलीत. कामगाराचा पगार झाला की फेड. भाव वाणी ठरवील तो. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून घेतले. प्रेमाताई गोवा मुक्तिसंग्रामातल्या, पुढे डाव्या चळवळीतल्या. झेंडा वेगळा असला म्हणून काम लहान ठरत नाही. अंत्योदयाचा उच्चार करणाऱ्यांनी तर ते बारकाईने पाहावे. तेथे एकमेकींना जामीन राहिल्या त्या बायाच.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला महिलांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बाया अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुम्हीही करून पाहा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे या बँकेने आपली माणसे बायांच्या दारापर्यंत पाठवली.

गटजामिनकीलाही काच आहे. एकीच्या घरी आजारपण आले की उरलेल्या चौघींच्या गल्ल्यातून हप्ता जातो. बारामती-इंदापूर पट्ट्यात पतसंस्था आहेत, त्यांत मध्यमवर्गाच्या ठेवी आहेत. कर्ज मागायला गेले की तेथे पगारदार जामीनदार लागतो. टपरीवाल्याच्या नात्यात पगारपत्रक कोणाकडेच नसते. ते ज्यांच्याकडे आहे, ती मंडळी रोज सकाळी त्याच टपरीवर चहा घेतात. सही करायची तर जोखीम खरी आहे. कर्ज थकले तर वसुली पगारातून होऊ शकते. म्हणून जामीनदाराला त्याचा हिशेब अधूनमधून पाहावा लागेल, पावसाळ्यात धंदा बसला तर हप्ता पुढे ढकलण्यासाठी संचालकांशी बोलावे लागेल. शाखेतल्या कार्यकर्त्याला एवढा वेळ काढता येतो का, हे कळंबमध्ये आधी एका टपरीपुरते करून पाहावे.