खोट्या तलवारीची खरी तपासणी



अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात २५ मे २०१७ रोजी कॉमिक्स आणि सिनेमाच्या चाहत्यांचा मोठा मेळावा सुरू झाला. अशा मेळाव्यांना हौशी मंडळी आवडत्या पात्राचा वेष करून येतात. त्याला कॉस्प्ले म्हणतात. पात्र योद्धा असेल तर हातात तलवार, भाला, बंदूक हवीच. पण त्या दिवशी स्वतःला ‘पनिशर’ या कॉमिक्समधल्या पात्राच्या नावाने म्हणवून घेणारा एक माणूस अंगावर चिलखत चढवून आत शिरला, आणि त्याच्याजवळ तीन पिस्तुलं आणि एक शॉटगन होती. सगळी खरी, सगळी भरलेली. ‘पॉवर रेंजर्स’ या मालिकेतला अभिनेता जेसन डेव्हिड फ्रँक आणि बंदोबस्तावरचे पोलीस हे त्याचं लक्ष्य होतं. कॅलिफोर्नियातून वेळेवर खबर आली, म्हणून पोलिसांनी त्याला झटापट करून पकडलं. कुणाचा जीव गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी आयोजकांनी जाहीर केलं: प्रॉप, म्हणजे वेषाबरोबरच्या नकली वस्तू, बंद. महिनोन्महिने खपून बनवलेल्या फोमच्या तलवारी, लाकडी छड्या, पुठ्ठ्याच्या बंदुका घेऊन आलेल्यांना त्या बाहेर ठेवाव्या लागल्या. ॲरिझोनाच्या उन्हात तपासणीच्या रांगा लांबल्या. घाबरलेल्या आयोजकांचा निर्णय समजण्यासारखा आहे, पण घडलं काय ते नीट पाहायला हवं. त्या माणसाला दारात नीट तपासलंच गेलं नव्हतं. चूक दारावर झाली आणि शिक्षा कारागिरांना मिळाली.

कारागीर हा शब्द इथे पुरता शोभतो. कॉस्प्लेची तलवार बहुधा ईव्हीए फोमची असते. चपलांच्या तळव्यांना आणि व्यायामाच्या चटयांना वापरतात तोच हा फोम. आधी कागदावर बेतून फोमचे दोन तुकडे कापायचे, मध्ये प्लॅस्टिकच्या नळीचा कणा घालायचा आणि तुकडे चिकटवायचे. धार तिरकी तासून घ्यायची. मग हीट गनने गरम हवा मारली की फोमची बारीक छिद्रं मिटतात, वर प्रायमरचे हात देता येतात, आणि शेवटी चंदेरी रंग. काम चांगलं जमलं तर हातभर अंतरावरून ते पोलाद वाटतं. सुरक्षिततेच्या सगळ्या नियमांचं मूळ इथेच आहे. वस्तू जितकी उत्तम बनते, तितकी ती लांबून खरी दिसते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनला सव्वा लाखाहून जास्त लोक जमतात. हा मेळावा १९७० पासून भरतो, आणि तिथल्या आयोजकांनी यावर शहाणा तोडगा काढला आहे. तिथे प्रॉप आणायला बंदी नाही, पण प्रत्येक नकली शस्त्र तपासणीच्या टेबलावर दाखवावं लागतं. तिथला माणूस ते हातात घेऊन बघतो. पात्याला धार आहे का, बंदुकीतून काही उडू शकतं का? बाणांची टोकं काढलेली हवीत, आणि बाण एकत्र बांधून भात्यात पक्के बसवलेले हवेत. सगळं ठीक असलं की वस्तूवर खूण लावतात, म्हणजे पुढे प्रत्येक पहारेकऱ्याला नव्याने शंका घ्यावी लागत नाही. अनेक मेळाव्यांत तलवार म्यानातच राहावी म्हणून मुठीला प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधतात. तलवार मिरवता येते, उपसता येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कुणाचा हिरमोडही होत नाही.

सॅन डिएगोच्या याच मेळाव्यात २०१० साली ‘एच’ नावाच्या सभागृहात जागेवरून दोघांचं भांडण जुंपलं आणि एकाने दुसऱ्याला डोळ्याजवळ भोसकलं. कशाने? साध्या पेनाने. माणसाच्या डोक्यात राग शिरला की कुठलीही वस्तू शस्त्र होते. म्हणूनच वस्तूंच्या याद्या वाढवत नेण्यापेक्षा गर्दीवर लक्ष ठेवणारी शिकलेली माणसं जास्त नेमणं मला अधिक मोलाचं वाटतं.

खरी काळजी सभागृहाबाहेरची आहे. आत सगळ्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे. रस्त्यावरच्या पोलिसाला ते ठाऊक नसतं, आणि विचार करायला त्याच्याकडे क्षणभरच असतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोझात तेरा वर्षांचा एक मुलगा खेळण्यातली रायफल घेऊन चालला होता. पोलिसाला ती खरी वाटली आणि मुलगा गोळीने मेला. खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीचं टोक नारिंगी असावं हा अमेरिकेतला नियम जुना आहे, पण त्या बंदुकीवर नारिंगी टोक नव्हतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा कडक केला, आणि २०१६ पासून अशा बंदुकांवर भडक रंग सक्तीचे झाले. एखाद्या कॉस्प्लेअरला नारिंगी टोक विद्रूप वाटतं आणि त्यावर काळा रंग फासायचा मोह होतो. तो मोह आवरावा, कारण त्या बोटभर रंगावर जीव टांगलेला असू शकतो.

कॅनडातल्या लेथब्रिजमध्ये ४ मे २०२० रोजी काय झालं तेही सांगायला हवं. ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा तो ठरलेला दिवस. एका उपाहारगृहातली तरुण कर्मचारी गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी पांढऱ्या चिलखतात, हातात प्लॅस्टिकची बंदूक घेऊन दारासमोर उभी होती. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी तिच्यावर बंदुका रोखल्या, तिला जमिनीवर पालथं पाडलं, तिच्या नाकातून रक्त आलं. आजूबाजूला मेळावा नव्हता, तपासणीचं टेबल नव्हतं, ‘हे नकली आहे’ असं सांगणारी खूणही नव्हती.

टोकियोत भरणाऱ्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मेळाव्याने हा बाहेरचा प्रश्न आधीच ओळखला. तिथे घरून वेष करून यायला मनाई आहे. कपडे बदलण्याच्या खोल्यांत जायचं, तिथेच वेष चढवायचा, आणि निघताना तिथेच उतरवायचा. रेल्वेने घरी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाला त्यामुळे कुणाच्या भाल्याची भीती वाटत नाही.

आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झालं आणि मुंबईतही रुजलं. कॉस्प्ले करणाऱ्या मराठी मुलामुलींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले आणि बंदुकांबरोबर साध्या काठ्याही येतात. लोकलच्या डब्यात हातात उघडी तलवार धरून ‘साहेब, फोमची आहे’ असं समजावत बसण्याची वेळ येऊच देऊ नये. तलवार दोन तुकड्यांत सुटेल अशी बनवावी, जाडसर पिशवीत घालून न्यावी आणि सभागृहात जोडावी. घरातली खरी तलवार, मग ती बोथट का असेना, घरीच राहू द्यावी.

आयोजकांनीही आपली बाजू सांभाळायला हवी. नियम तिकिटाबरोबरच मराठीत, हिंदीत, इंग्रजीत छापून द्यावेत. ऐन दारात पोचल्यावर मुलांना ते कळू नयेत. तपासणी वेष केलेल्यांइतकीच साध्या कपड्यांत येणाऱ्यांचीही व्हावी, कारण फिनिक्समध्ये धोका फोमचा नव्हता. आणि त्या टेबलावर फोम, लाकूड आणि लोखंड बोटांनी ओळखणारा, वस्तू परत देताना ‘छान बनवली आहेस’ असं म्हणू शकणारा एखादा जुना कॉस्प्लेअर पहारेकऱ्याच्या शेजारी जरूर बसवावा.