रानातला लहान मोह



कासा-सायवनपासून तलासरीतल्या उधव्यापर्यंत मोठा मोह कुणाला दाखवावा लागत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली दिसली, की ओळखायचं. चुकतं ते गुडघ्याएवढं रोप. पावसाळ्यात बांध साफ करताना कोयत्याच्या एका फटक्यात तेही झुडपांबरोबर जातं. आधीच ही रोपं कमी. फुलं आपण वेचतो, बिया तेलासाठी नेतो. फुलं नीट दिसावीत म्हणून कुठे कुठे झाडाखालचा पाला जाळतात, त्यात कोवळी रोपं होरपळतात. उरलेली रोपं गुरं खातात.

मग ओळखायचं कसं? आधी पानांची ठेवण बघा. साग आणि ऐन यांची पानं जोडीजोडीनं येतात. सागाचं कोवळं पान चोळलं तर बोटं लाल होतात. ऐनाचं पान उलटलं, की देठाजवळ मधल्या शिरेवर दोन गाठी दिसतात.

पानांचा झुबका फांदीच्या टोकाशी असेल, तर बहुधा मोह, बेहडा किंवा बिबा. इथे हात लावण्याआधी वाकून पानाची खालची बाजू बघा. बिब्याचं पान चांगलंच मोठं, खालून पांढुरकं. त्याच्या रसानं अंगावर फोड येतात, तेव्हा लांबच राहा. बिबा नाही याची खात्री झाली, की एक जून पान देठाशी खुडा. पांढरा चीक आला, तर तो मोह. बेहड्याचा देठ लांब, आणि त्याला चीक नसतो. चीक उंबरालाही असतो, पण त्याची पानं फांदीभर एकाआड एक असतात. मोहाचं पान जाड, चिवट, शिरा ठळक. नवी पालवी तांबूस.

सापडलेलं रोप उपटून अंगणात नेऊ नका. सोटमूळ खोल जातं. तुटलं की रोप जगणं कठीण. आहे तिथेच भोवती काटेरी फांद्या लावा आणि काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे कोयतेवाल्याला लांबून दिसेल. हे काम दिवाळीच्या आसपास उरकून घ्या. पुढे पानगळीत रोपाची नुसती काडी उरते. रोप नसेल, तर ताजं बी पेरा, साठवलेलं लवकर निकामी होतं.

पेरलेल्या झाडाला फुलं यायला साधारण 10 वर्षं तरी लागतात. तेव्हा यंदा फुलं वेचण्याआधी पाला जाळू नका, झाडून बाजूला करा.