खेळातील मंत्रिपद आणि खाडीकाठची जमीन

(सानपाडा येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



एका ऑनलाइन राजकीय खेळात मी सहा महिने नगरविकास खात्याचा मंत्री होतो आणि त्या कारकिर्दीविषयी बोलावे असा आपला आग्रह आहे. ज्या गावांच्या शेतांवर एक अख्खे शहर उभे राहिले, तेथे खोट्या नगरविकासमंत्र्याने भाषण करावे यात थोडा विनोद आहेच. परंतु असल्या खेळांना पोरखेळ म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सरकारनेच सुरू केल्या, त्या १९६६ साली. माणूस सत्ता कशी वापरील, हे त्याला खोटी सत्ता देऊनही पुष्कळसे कळते.

या खेळात मंत्र्यापुढे तीन आकडे सतत दिसत असतात: तिजोरी, विकासदर आणि लोकप्रियता. खाडीकाठी नवे नगर वसवायचे ठरले की भूसंपादनाचा हुकूम द्यायचा. तिजोरीतून रक्कम वजा होते, लोकप्रियता दोन-चार अंशांनी उतरते, आणि दुसऱ्या दिवशी जमीन मोकळी! त्या जमिनीवर कोण राहत होते, हे नकाशात कोठेच नसते.

खऱ्या नकाशावर काय होते, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली मुंबईसमोर जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. कल्पना मोठी होती आणि हेतूही प्रामाणिक होता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी हा आगरी-कोळ्यांचा संसार १८९४ च्या कायद्याच्या मापाने मोजला गेला. त्या कायद्यात हरकत ऐकून घेण्याची तरतूद होती, संमती घेण्याची नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. जो प्रश्न सुनावणीत सुटायला हवा होता, तो स्मशानाच्या वाटेने सुटला. सुटला म्हणतो खरा. गरजेपोटी बांधलेल्या घरांचे काय, हे गावठाणातल्यांना मी सांगायला नको.

हे मनात होते म्हणून मी खेळातील मंत्रिमंडळापुढे एक सूचना ठेवली. तीन खेळाडूंनी ग्रामसभा व्हावे आणि त्यांच्या होकाराशिवाय संपादनाचा हुकूम लागू होऊ नये. सहकाऱ्यांचा आक्षेप काय, तर खेळ मंदावेल! खऱ्या मंत्रालयातही याहून वेगळा आक्षेप निघत नाही. तेथे खेळाऐवजी प्रकल्प म्हणतात, इतकेच.

पुष्कळ वादानंतर एका नगरापुरती सूचना मान्य झाली. त्या तिघांनी आम्हांला सतरा दिवस तंगवले. रक्कम वाढवून मागितली नाही. वाढत्या कुटुंबांच्या घरांसाठी गावठाणाभोवती जागा सोडा आणि खाडीवर जाण्याची वाट बंद करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या दोन्ही गोष्टींना आमच्या तीन आकड्यांत जागाच नव्हती. मागण्या मान्य केल्या, तिजोरी खालावली, आणि पुढल्याच ठरावावर आमचे सरकार पडले. त्याची मला खंत नाही. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. प्रवाशाची पाठ हा काही रेल्वेच्या हिशेबातला रकाना नव्हता. त्यांनी तो नव्याने आखला. आमच्या तीन खेळाडूंनीही, लहान प्रमाणात का होईना, तेच केले.

ग्रामसभेच्या त्या तीन जागा आता खेळाच्या नियमांत राहिल्या आहेत. अडचण इतकीच की त्या घ्यायला कोणी फारसे पुढे येत नाही; ज्याला त्याला मंत्री व्हायचे असते. या वर्गात सानपाडा, तुर्भे, वाशी गावांतली मुलेमुली बसली आहेत. त्यांच्यापैकी तिघांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून सातबारा वाचायला शिकून घ्यावे आणि येत्या सत्रात त्या जागांवर बसावे, अशी माझी विनंती आहे. मी या खेपेस विरोधी बाकावर असेन.