शिक्षकाला कायद्याने दिलेली मोकळीक

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतून आलेल्या शिक्षक व ग्रंथपाल बंधुभगिनींनो,

सोळा रस्ते एकत्र येतात त्या गंजगोलाईच्या गावात, लातूरला, आपण आला आहात, तेव्हा वाट चुकलात तर लाजू नका, आम्हीही चुकतो. डाळीची ही बाजारपेठ आहे, त्यामुळे जेवणात वरण कमी पडणार नाही. नांदेडकर मंडळींना मात्र एक विनंती. विभागीय आयुक्तालय तुमच्याकडे की आमच्याकडे, हा वाद परिषद संपेपर्यंत मंडपाबाहेर चपलांजवळ ठेवू या. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्थापन झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू झाले लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाला घडवणारे डॉ. जनार्दन वाघमारे. ती फिटंफाट आपण मान्य केलेली आहे. बाकीचं नंतर बघू.

स्वागताध्यक्ष म्हणून तुम्ही एका पुस्तक विक्रेत्याला उभं केलंत, यात संयोजकांचा खट्याळपणा मला दिसतो. डिजिटल अध्ययन साहित्य आणि कॉपीराइट असा परिषदेचा विषय, आणि ज्याच्या गल्ल्याला पीडीएफची झळ सगळ्यांत आधी लागली त्यालाच यजमान केलंत. तेव्हा माझं बोलणं थोडं त्रासिक वाटलं तर समजून घ्या. पण आज मी तक्रार करणार नाही. उलट आपल्या बाजूने कायद्यात काय काय लिहून ठेवलं आहे ते सांगणार आहे, कारण ते शिक्षकांनाच फारसं माहीत नाही असा काउंटरवरचा माझा अनुभव आहे.

दुकानात सर येतात, मॅडम येतात. आवाज खाली आणून विचारतात, ‘एका प्रकरणाची झेरॉक्स वर्गात वाटली तर काही होईल का हो?’ होत काहीच नाही. पण असं विचारणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याच रात्री अख्ख्या संदर्भग्रंथाची पीडीएफ चार ग्रुपवर टाकतं, आणि तेव्हा मनात शंकाही येत नाही. जिथे कायद्याने दार उघडं ठेवलंय तिथे आपण घाबरतो आणि जिथे कुलूप आहे तिथे बिनधास्त घुसतो. हे उलटं झालंय, आणि या परिषदेत ते सुलटं व्हावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे कोणत्या गोष्टी कॉपीराइटचा भंग ठरत नाहीत याची लांबलचक यादी. त्या यादीतली एक नोंद, ५२(१)(आय), आपल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये लावायला हवी. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढली, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा घातला, उत्तरपत्रिकेत तो लिहिला, तर तो भंग नाही. २०१२ च्या दुरुस्तीने या कलमाची व्याप्ती वाढली. आधी फक्त साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांपुरती असलेली सवलत ‘कोणत्याही कृती’ला लागू झाली, म्हणजे चित्रपट आणि ध्वनिमुद्रणही त्यात आलं. किती पानं, किती टक्के, अशी मर्यादा या नोंदीत कुठेही लिहिलेली नाही.

मग ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत? फळा पुसेपर्यंत, की सत्र संपेपर्यंत? याच प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांचे संच झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. ज्यांची पुस्तकं त्या संचांत होती अशा काही लेखकांनीच विद्यार्थ्यांची बाजू घेतली, अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घेण्याचं सुचवलं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, हे त्या निकालातलं म्हणणं पुढे खूप गाजलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपिलात खंडपीठाने ‘शिकवण्याचा ओघ’ म्हणजे केवळ वर्गातलं व्याख्यान नव्हे, सत्रभर चालणारी शिकवण्याची सगळी प्रक्रिया, असा व्यापक अर्थ लावला. शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढं, ही कसोटी दिली. त्या संचांतलं साहित्य खरंच गरजेचं होतं का, आणि अख्खी पुस्तकं झेरॉक्स करण्याचं काय, एवढे मुद्दे साक्षीपुराव्यासाठी परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. प्रती काढण्याचे परवाने देणाऱ्या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऐकायला नकार दिला.

मी पुस्तक विक्रेता असूनही सांगतो, निकाल योग्य होता. परदेशी प्रकाशनाचं हजारो रुपयांचं पुस्तक अहमदपूरच्या किंवा किनवटच्या पोराने एका प्रकरणासाठी विकत घ्यावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ते पुस्तक माझ्या दुकानात मुळात येतच नाही.

पण हा निकाल दिल्लीचा. आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठावर, तो थेट बंधनकारक नाही. त्याचं वजन मात्र आहे. आणि तो झेरॉक्सच्या संचांबद्दल आहे. आपण आता मोबाइलवर शिकवतो. तिथे काय?

इथे जरा बारकाईने बघावं लागतं. कायद्यातल्या ‘प्रत काढणं’ या हक्कात इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणंही येतं, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे शिकवण्यासाठी प्रकरण स्कॅन करणं हे झेरॉक्ससारखंच सवलतीत बसतं. पण ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’ हा कायद्याने वेगळा मानलेला हक्क आहे, आणि शिक्षकाच्या सवलतीत शब्द आहे तो फक्त प्रत काढण्याचा. बी. ए. द्वितीय वर्षाच्या साठ मुलांच्या बंद ग्रुपवर एक प्रकरण टाकलं, तर ती मुलं म्हणजे जनता नव्हे, असं ठामपणे म्हणता येतं. तेच स्कॅन उघड्या चॅनेलवर गेलं, संकेतस्थळावर चढलं, कुणी कुठूनही उतरवून घेऊ लागलं, की शिकवणं संपलं आणि प्रकाशन सुरू झालं. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी घाईत जे केलं त्याला कुणी नावं ठेवणार नाही. पण टाळेबंदी उठली तरी सवय उठली नाही. भंग सिद्ध झाला तर शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण कोर्टाची पायरी चढावीच का?

स्नेहसंमेलनाचंही तसंच. विद्यार्थी आणि शिक्षकांनी नाटक बसवलं, गाणं म्हटलं, शाळेने चित्रपट दाखवला, आणि समोर मुलं, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळीच असली, तर ५२(१)(जे) तुमच्या पाठीशी आहे. त्याचं चित्रीकरण यूट्यूबवर चढवलं की ती नोंद पाठीशी राहत नाही. मग आवाज बंद होतो, चॅनेलला इशारा येतो आणि मुख्याध्यापक म्हणतात, ‘आपण तर शाळेचा कार्यक्रम टाकला होता!’

ग्रंथपालांना एक सवलत आवर्जून सांगायची आहे, कारण ती सगळ्यांत उदार असून सगळ्यांत कमी वापरली जाते. अंध किंवा छापील मजकूर वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अख्खं पुस्तक ब्रेलमध्ये, ध्वनिरूपात, मोठ्या अक्षरांत किंवा संगणकावर वाचता येईल अशा मजकुरात बदलायला २०१२ पासून कुणाचीही परवानगी लागत नाही. अशाच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. आपल्या महाविद्यालयात असा एक जरी विद्यार्थी असेल, तर त्याची क्रमिक पुस्तकं तयार करून द्यायला आता कायद्याची सबब उरलेली नाही.

आता थोडं कटू. विद्यापीठाच्या पदवी वर्गासाठी अभ्यास मंडळाने निवडलेल्या कवितांचं पुस्तक निघतं, खासगी प्रकाशक ते छापतो, मी ते विकतो. त्यातल्या एखाद्या कवीला आपली कविता अभ्यासाला लागल्याचं विद्यार्थ्याकडून कळतं. मानधन दूरच, पत्रही नसतं. संपादक सांगतात, ‘शैक्षणिक आहे, चालतं.’ नाही चालत. शैक्षणिक संकलनाची सवलत ५२(१)(एच) मध्ये आहे आणि ती अरुंद आहे: संकलन मुख्यतः कॉपीराइट नसलेल्या साहित्याचं हवं, उतारे छोटे हवेत, आणि एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे घ्यायचे नाहीत. आपल्या मराठवाड्यातला लिहिणारा माणूस बहुतेक वेळा शेतकरी नाहीतर शिक्षक असतो. त्याला एक पत्र आणि चार पैसे देणं अभ्यास मंडळाला जड नाही.

आणि नोट्स. लातूर पॅटर्नच्या गावात नोट्सबद्दल न बोलणं शोभणार नाही. शिक्षकाने वर्गासाठी काढलेले उतारे आणि क्लासने छापून, बांधून, किंमत लावून विकलेला संच, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. कायद्यात क्लास हा शब्द नाही, तेव्हा हे माझं मत म्हणून घ्या. पण ज्याचा माल दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललाय त्यानेच आपल्या नोट्सच्या प्रत्येक पानावर ‘सर्व हक्क राखीव’ छापावं, याचं हसू येतं.

मग विनापरवानगी, निर्धास्तपणे वापरता येईल असं काय आहे? पुष्कळ आहे. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षांनी संपतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं साहित्य १ जानेवारी २०१४ पासून सर्वांचं आहे. साने गुरुजींचं २०११ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २०१७ पासून. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले. त्यांच्या ग्रंथांसाठी २०४२ अखेरपर्यंत थांबावं लागेल, पण त्यांचा एखादा लेख वर्गासाठी काढायला आजही आडकाठी नाही. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई यांच्या अभंगांवर कुणाचाच हक्क नाही. मात्र त्यांच्या आजच्या संपादकाच्या टीपा आणि गायकाचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. बी. रघुनाथांची पुस्तकं टंकून, तपासून मुक्तपणे ठेवायचं काम मराठी विभागांनी हाती घेतलं तर आमच्या दुकानातल्या जुन्या प्रती मी आनंदाने देईन.

शोधनिबंधांचं म्हणाल तर, केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत १ जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं शासकीय उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली आहेत. आपल्या संस्थेचं नाव यादीत आहे का, हे ग्रंथपालांनी आधी पाहावं. चोरवाटेने शोधनिबंध उतरवायची गरजच कदाचित पडणार नाही. एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातली व्याख्यानं मुक्त परवान्याखाली आहेत, नाव देऊन आणि त्याच अटींवर ती वापरता येतात, मराठीत आणताही येतात.

पण सगळ्यांत मोठा साठा तुमच्याकडेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, स्वतः तयार केलेलं साहित्य मुलांपर्यंत नेलं आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला. तुम्ही वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं, आकृत्या, प्रश्नसंच क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली ठेवा. त्याआधी नेमणुकीचा करार वाचा, कारण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असू शकतो. माझ्यापुरती ती अडचण नाही. सार्वजनिक भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो, असं कलम १७ सांगतं. तेव्हा हे भाषण खुशाल वाटा, छापा, ग्रुपवर टाका, चुका दुरुस्त करा.

दुपारच्या सत्रात दोन ठराव मांडले जातील. ऑनलाइन शिकवण्यालाही शिक्षकाची सवलत लागू आहे असं केंद्र सरकारने कायद्यात स्पष्ट लिहावं, हा पहिला. आणि अभ्यास मंडळाच्या संकलनात ज्या लेखकाचं साहित्य घेतलं जाईल त्याची लेखी परवानगी आणि मानधन यांशिवाय पुस्तक छापू नये, हा दुसरा. पहिल्याला सगळेच हात वर करतील याची मला खात्री आहे. दुसऱ्यालाही करावेत, अशी यजमान म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे.