गोडाने येणारी भोवळ



लठ्ठपणा घालवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. अमेरिकेत आयोवा येथे मेसन आणि इटो या शल्यवैद्यांनी १९६६ साली जठराच्या बायपासची वाट पाडली. आज ती शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत, नागपुरात होते. रोगी मात्र परततो तो आपल्या गावी, आणि पुढे जे घडते ते घराच्या ओटीवर, नाहीतर शाळेच्या वर्गात.

समजा, एक गुरुजी आहेत. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली, वजन उतरले. सकाळी पोहे खाऊन, वर गोड चहा घेऊन ते शाळेत आले. दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात कापू लागला, दरदरून घाम फुटला, साधा शब्द आठवेना. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले उपाशी असतील. अहो, उपाशी कसले? खाल्ल्यामुळेच हे झाले!

जठराच्या तळाशी एक दार असते. अन्न थोडे थोडे खाली सोडणे हे त्याचे काम. बायपासनंतर अन्न त्या दारातून न जाता थेट आतड्यात उतरते. पोह्यांतले पिष्ट आणि चहातली साखर भराभर रक्तात चढते, आतडे इशारा देते, आणि स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडते. मग चढलेली साखर धाडकन उतरते. बहुधा खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत. हा त्रास पुष्कळदा वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो, म्हणून शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? गुळाचा खडा देतो, वर तांब्याभर सरबत. माया खरी, पण तेवढ्या गोडाने माणूस सावरतो आणि तासा-दोन तासांनी पुन्हा तेच! म्हणून गोड द्यावे ते मोजून. यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे सुमारे तीन चमचे, थोड्या पाण्यात द्यावे. १५ मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. चढली नसेल तर तेवढेच पुन्हा. चढल्यावर मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेले अंडे द्यावे. नेमकी हीच पायरी लोक गाळतात. काहींना या त्रासासाठी ॲकार्बोजची गोळी दिलेली असते. त्यांना साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

खरा इलाज ताटातच आहे. थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे. आधी उसळ, अंडे किंवा पनीर, मग अर्धी भाकरी. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाने प्यावे. उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. एकादशी करणाऱ्या माउलींना हे सांगणे जड जाते, पण सांगावे.

काय खाल्ले आणि किती वाजता भोवळ आली, हे वहीत टिपून ती वही डॉक्टरांना दाखवावी. ते सांगेपर्यंत फटफटी चालवू नये. आणि उपाशीपोटीच साखर उतरत असेल, किंवा मधुमेहाच्या जुन्या गोळ्या अजून चालू असतील, तर कारण निराळे असू शकते. तेव्हा वहीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.