बावखलाचें ऋण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं परमेश्वराची उपकारस्तुति करावी, हें आपलें पहिलें कर्तव्य. तें आपण सकाळीं वेदीसमोर पार पाडलें. परंतु ज्याचे उपकार स्मरावयाचे, त्याच्या देणगीचा हिशेबहि द्यावा लागतो. आज मी पाण्याचा हिशेब मांडणार आहें.

आपल्या वसईची भूमि पाहा. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावरचें पाणी ह्याच सखल पट्टींतून खाडीस व समुद्रास मिळतें. भरतीच्या वेळीं मुसळधार पाऊस झाला, तर त्यास बाहेर पडण्यास वाट उरत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं हें ओळखून वाडीवाडींत बावखलें खोदलीं. पावसाचें पाणी तेथें थांबे, जमिनींत मुरे आणि विहिरी गोड राखी. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें. म्हणून तें भूमीच्या पोटांत खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. वरून भर न घालतां नुसता उपसाच चालला, कीं खालचें खारें पाणी वर चढतें, आणि केळी, पानवेली व फुलझाडें सुकूं लागतात. बावखल म्हणजे डबकें नव्हे. तें वाडीचें कोठार होय.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती १२ लाखांहून अधिक भरली. मुंबईंत घर न परवडल्यामुळें जे येथें आले, ते आपले शेजारी आहेत. त्यांचा कांहीं अपराध नाहीं. अपराध आहे तो पाण्याचा मार्ग न ओळखतां भराव घालण्याचा. जुलै २०१८ मध्यें त्याचें फळ सर्वांनीं भोगलें. नालासोपाऱ्यास रेल्वेचे रूळ पाण्याखालीं गेले, मिठागरांतील कुटुंबें अडकून पडलीं, कित्येक वस्त्या विजेवांचून राहिल्या.

फा. फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समिति यांनीं ह्या भूमीसाठीं आवाज उठविला, तेव्हां आपल्यापैकीं पुष्कळजण त्यांच्या मागें उभे राहिले. त्या वेळीं जें आपण इतरांस बजावलें, तें आज स्वतःस बजावावयाचें आहे. ह्याच देवळाच्या आवारांतील अर्धें बावखल, मोटारींस जागा हवी म्हणून, मी येथें आलों त्या पहिल्याच वर्षीं बुजविण्यांत आलें. त्या कागदावर सही माझी आहे. पुढच्याच पावसाळ्यांत मागच्या आळींत गुडघाभर पाणी शिरलें, आणि एका वृद्ध मावशींस खाटेसकट उचलून शाळेंत आणावें लागलें. त्या मला एक शब्दहि बोलल्या नाहींत. तेंच मला अधिक लागलें.

पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत, पृथ्वीचें दुःख आणि दीनांचें दुःख हीं वेगळीं नव्हेत, असें शिकविलें. त्याचा अर्थ मला त्या खाटेपाशीं कळला.

पवित्र शास्त्रांत इसहाकाची कथा आहे. त्याचा पिता अब्राहाम याच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां खणल्या आणि त्यांस बापानें ठेविलेलींच नांवें दिलीं. आपलें काम त्याहून कठीण आहे; कारण आपल्या विहिरी बुजविणारे परके नव्हते.

म्हणून माझी तीन मागणीं आहेत. पहिलें, महोत्सवनिधींत जें शिल्लक राहील, त्यांतून पावसाळ्यापूर्वीं हा भराव काढावा. मोटारी रस्त्यापलीकडे राहतील. दुसरें, देवळाच्या व शाळेच्या छपरांचें पाणी गाळून विहिरींत सोडावें. तिसरें, तरुणांनीं प्रत्येक आळींतील बावखलें व नाले यांची नोंद करावी, आणि शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हां मुदतींत लेखी हरकती व सूचना द्याव्या. आराखड्यावर ज्याची नोंद नाहीं, तें बुजविणाऱ्यास अडविणें फार अवघड जातें.

ह्या धर्मग्रामाची शताब्दी आपल्यापैकीं थोडेच पाहतील. जे पाहतील, त्यांस ह्या विहिरीचें पाणी गोड लागावें, एवढीच प्रार्थना. पहिली टोपली उचलण्याचा अधिकार आणि प्रायश्चित्त माझें. दुसरी आपण उचलावी. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.